गाळलेला एक शब्द

मैत्रिणींनो, सासरी आपण कधी काहीच लपवलं नाही, असं छातीवर हात ठेवून सांगणारी बाई मला अजून भेटायची आहे. डाळीच्या डब्यात दडवलेली शंभराची नोट, भावाच्या अडचणीला गुपचूप दिलेले दोन हजार, साडीची खरी किंमत, मुलाच्या प्रगतिपुस्तकातली लाल शाईची रेघ... एवढ्यातेवढ्या लपवाछपवीवर तर आपले संसार तरून जातात. पण मी लपवलं ते यातल्या कशातच बसणारं नव्हतं. मी माझ्या सासऱ्यांपासून पाच वर्षं एक शब्द लपवला. एकच शब्द. तो शब्द होता ‘लष्करी’.

तुम्ही म्हणाल, त्यात एवढं लपवण्यासारखं काय? लोक तर घरातला मुलगा फौजेत गेला की गावजेवण घालतात. खरं आहे. पण आमचं घर वेगळं होतं.

आमचं गाव वडनेर. वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटच्या पुढं, नागपूरहून हैदराबादला जाणाऱ्या हमरस्त्यावरचं. आमच्याकडे विदर्भात सासऱ्यांना ‘मामाजी’ म्हणतात. आमच्या मामाजींचा जन्म १९३५ चा. तरुणपणी ते भूदानाच्या कामात पडले, आणि घरच्या सोळा एकरांतले तीन एकर त्यांनी देऊन टाकले. अंगावर खादी, सकाळी अर्धा तास चरखा, संध्याकाळी दिवा लागला की प्रार्थना. शेवटपर्यंत यात कधी खंड नाही. वर्धा जिल्ह्यात अशी घरं खूप होती. १९३६ साली गांधीजी सेवाग्रामला राहायला आले, आणि १९४० च्या १७ ऑक्टोबरला पवनारहून विनोबांनी युद्धाविरुद्ध पहिला वैयक्तिक सत्याग्रह केला. लढाईला माणूसही द्यायचा नाही आणि पैसाही द्यायचा नाही, हे ज्या मातीतून सांगितलं गेलं तीच आमच्या मामाजींची माती. हमरस्त्यावरून लष्कराच्या गाड्यांची रांग चालली की गावातली पोरं हात हलवत धावत सुटायची. मामाजी ओट्यावरून उठून आत यायचे. रागानं नव्हे हं. त्यांना ते बघवत नसे.

“माह्या घरातलं कोणी बंदुकीची भाकर खाणार नाही,” हे त्यांचं वाक्य मी लग्न होऊन आले त्या वर्षी पहिल्यांदा ऐकलं. माझ्या दिरांना पोलिसात जायचं होतं, तेव्हाचं. दिरांनी पुढं हिंगणघाटला कापसाच्या दलालीचा धंदा धरला. विषय संपला.

आता गंमत बघा. माझ्या मुलीच्या डोक्यात रुग्णसेवेचं जे वेड शिरलं, ते याच आजोबांनी घातलेलं. रात्री अंगणात बाजेवर पडल्यापडल्या ते नातीला परचुरे शास्त्रींची गोष्ट सांगत. संस्कृतचे मोठे पंडित, पण महारोग झालेला, म्हणून लोकांनी दूर केलेले. ते सेवाग्रामला आले, आणि गांधीजींनी त्यांना ठेवून घेतलं, रोज स्वतःच्या हातानं त्यांना मालिश केलं. “ज्या हाताले किळस नाही, तो हात देवाचा,” असं मामाजी म्हणत. पोर डोळे मोठ्ठे करून ऐकायची. चौथीत असताना तिनं आमच्या बैलाच्या खांद्याची जखम हळदीचं तेल लावून बांधली होती. तेव्हाच मी समजले, ही कुठं जाणार ते.

बारावीला तिला बरे गुण पडले, पण डॉक्टरीला पुरणारे नव्हते. खासगी कॉलेजच्या फिया आम्हाला झेपणाऱ्या नव्हत्या. त्या वर्षी कपाशीनं दगा दिलेला, सोयाबीनही यथातथाच. मग तिच्या एका शिक्षिकेनं लष्करी शुश्रूषा सेवेच्या परीक्षेची माहिती आणून दिली. चार वर्षांचा बी. एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम, शिक्षण फुकट, राहणं-जेवण फुकट, वर दरमहा विद्यावेतन. शिक्षण संपलं की सेवेचा करार, आणि थेट लेफ्टनंटचा हुद्दा. पोरीनं मला न विचारताच अर्ज भरला होता. लेखी झाली, मुलाखत झाली, वैद्यकीय तपासणी झाली, आणि पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाच्या नर्सिंग कॉलेजात तिची निवड झाली. ह्यांना मी सांगितलं. हे बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “बाबांना तू सांग.” मी म्हटलं, “वडील तुमचे, तुम्ही सांगा.” हे बोलणं आमच्यात पाच वर्षं चाललं म्हणा ना!

मी सांगणार होते. खरंच सांगणार होते. एकादशी झाली की सांगू, असं मनाशी ठरवलंही होतं. तेवढ्यात ३१ मे २०१६ उजाडला. आदल्या रात्री आमच्याच जिल्ह्यातल्या पुलगावच्या दारूगोळा भांडाराला आग लागली होती. अधिकारी, जवान, आग विझवणारे... सोळाहून जास्त जीव गेले. मामाजी दिवसभर रेडिओजवळून हलले नाहीत. संध्याकाळच्या प्रार्थनेत त्यांचा आवाज फुटत नव्हता. म्हणाले, “दुसऱ्याले मारासाठी जमवलेला दारूगोळा पहिल्यांदा आपल्याच लेकराइले खाते.”

त्या संध्याकाळी माझ्या हातात पोरीचं निवडपत्र होतं, तांदळाच्या डब्यात ठेवायला घेतलेलं. तुम्हीच सांगा, कुठल्या तोंडानं सांगणार होते मी?

दोन दिवसांनी त्यांनी आपणहून विचारलं, “पोरीचं काय ठरलं?” मी म्हटलं, “पुण्याला नर्सिंगच्या कॉलेजात लागला नंबर.” त्यांचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू! उठून त्यांनी स्वतः कातलेल्या सुताची एक गुंडी आणली आणि पोरीच्या हातात घातली. मी खोटं बोलले नव्हते हो. वाक्यातला प्रत्येक शब्द खरा होता. फक्त एक शब्द मी गाळला होता.

पण एक शब्द गाळला की त्यासाठी किती शब्द जोडावे लागतात, ते मला पुढं कळलं. प्रवेशाआधी चौकशीला पोलीस शिपाई घरी आला. मामाजींनी त्याला बसायला घोंगडी टाकली, पाणी दिलं, आणि “काहून आलास बाबा?” म्हणून विचारलं. मी स्वयंपाकघरातून ओल्या हातानं धावत आले आणि म्हटलं, “कॉलेजचे कागद आहेत, मामाजी. आजकाल सगळ्यांचीच चौकशी होते.” तो शिपाई माझ्याकडे बघत राहिला. चांगला माणूस होता, चहा पिऊन निघून गेला. तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत माझ्या पायात जीव नव्हता.

पोर सुटीत यायची तेव्हा स्टेशनवरच तिची पेटी मी तपासायची. वर्दीतला फोटो नको, शिक्का असलेली वही नको. तिला हे मुळीच आवडायचं नाही. एकदा मला म्हणाली, “आई, मी काही वाईट काम करते का गं?” मी उत्तर दिलं नाही. घरातल्या माणसांना सांभाळता सांभाळता आपण पोटच्या पोरीला चोरासारखं वागवतो आहोत, हे मला समजत होतं. पण बाई, समजणं वेगळं आणि सुधारणं वेगळं.

स्थळं येऊ लागली, तेव्हाची तऱ्हा तर आणखी न्यारी. “मुलगी काय करते?” “पुण्याला नर्सिंग.” की समोरच्या बाईचं नाक थोडं वर जायचं. रात्रपाळी असेल, परक्या माणसांना हात लावावा लागत असेल... त्या न बोलता सगळं बोलायच्या. ‘अहो, माझी मुलगी लेफ्टनंट होणार आहे, जवान तिला सलाम ठोकतील!’ असं ओठांपर्यंत यायचं आणि मी ते चहाबरोबर गिळायची. लपवलेल्या गोष्टीत एकटी भीतीच नसते, मैत्रिणींनो. अभिमानही त्याच डब्यात कोंडलेला असतो आणि तोही कुजतो.

२०२० साली करोनाच्या दिवसांत तिला कमिशन मिळालं. आम्हाला जाता आलं नाही. माजघराचं दार लावून ह्यांच्या मोबाइलवर तिचा फोटो आम्ही दोघांनी पाहिला. खांद्यावर दोन तारे. हे रडले. ओट्यावरून मामाजींनी विचारलं, “काय झालं रे?” हे म्हणाले, “काही नाही, कांदा कापत होती ही.” त्याच वर्षी जूनमध्ये गलवानला आपले वीस जवान गेले होते, आणि पोरीची पहिली नेमणूक उत्तरेकडच्या एका लष्करी रुग्णालयात झाली. पोर कुठं आहे, थंडी किती, फोन का लागत नाही, या काळजीनं माझा जीव अर्धा व्हायचा. आणि काळजी दाखवायची सोय नाही! पुण्यात असलेल्या पोरीची एवढी काय काळजी?

आणि मग २०२१ च्या दिवाळीआधी पोस्टमन आला.

बँकेचं पाकीट होतं, घरच्या पत्त्यावर आलेलं. मामाजी ओट्यावर बसले होते. पोस्टमननं मोठ्यानं नाव वाचलं, “लेफ्टनंट” पासून सुरुवात करून, आणि कौतुकानं म्हणाला, “आबाजी, नात साहेब झाली तुमची!” मी दारात उभी होते. मामाजींनी पाकीट घेतलं, चष्मा लावून दोनदा वाचलं आणि खिशात ठेवलं. दिवसभर एक अक्षर बोलले नाहीत. दिवा लावला, प्रार्थना झाली, आणि मग म्हणाले, “सूनबाई, लेफ्टनंट हे काय दवाखान्यातलं पद आहे काय?”

मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. पुलगावच्या आगीपासून पोलीस शिपायापर्यंत. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी एवढंच म्हणाले, “मी तीन दिवस जेवणार नाही.”

“मामाजी, माझी शिक्षा तुम्ही कशाला...”

“शिक्षा नाही. ह्या घरात पाच वर्षं खोटं बोलल्या गेलं. त्याचं प्रायश्चित्त कोणीतरी घ्यावं लागन.”

शहाऐंशी वर्षांचं वय! मी पाया पडले, ह्यांनी हात जोडले. पाणी तेवढं घेत होते. ओरडले असते, ताट फेकलं असतं, तर मला सोसवलं असतं. ते तीन दिवस मी जन्मात विसरणार नाही. मलाही घास उतरला नाही. चौथ्या दिवशी त्यांनी माझ्या हातची पेज घेतली, पण माझ्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच. पाणी हवं असलं तर ह्यांच्याकडे मागायचे.

डिसेंबरात पोर सुटीवर आली. तिला मी फोनवर सगळं कळवलं होतं. आल्या आल्या ती आजोबांच्या पायाशी बसली. मी दाराआड. मामाजींनी तिला वर्दीचं काही विचारलं नाही, बंदुकीचं विचारलं नाही. विचारलं ते असं, “तुह्या दवाखान्यात समोरच्या फौजेचा जखमी शिपाई आला, तर काय करशीन?”

पोर म्हणाली, “जे आपल्या जवानाचं करते तेच, आबाजी. नियमच आहे तसा. १९४९ चे जिनिव्हाचे करार आहेत, आपल्या देशानं मान्य केलेले. जखमी झालेला माणूस शत्रू राहत नाही, फक्त जखमी राहतो. आधी कोणाला बघायचं ते जखमेवरून ठरतं, झेंड्यावरून नाही. आणि आमचं काम मारायचं नाही. मेडिकलच्या माणसावर गोळी झाडायची नाही, असा तिकडच्यांनाही नियम आहे.”

म्हातारा बराच वेळ चरख्याकडे बघत बसला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी सडा टाकायला उठले तर मामाजी कंदिलाच्या उजेडात ‘सत्याचे प्रयोग’ उघडून बसलेले. वीज होती, तरी कंदील, जुनी सवय. पोरीला हाक मारली, आणि बघा, मलाही हाक मारली. दीड महिन्यानं “सूनबाई” ऐकलं मी! त्यांनी आम्हाला आफ्रिकेतली हकिकत सांगितली. बोअर युद्धात गांधीजींनी अकराशे हिंदी माणसांचं पथक उभं करून रणांगणावरून जखमी उचलून आणले होते. पुढं १९०६ साली झुलूंचा उठाव झाला तेव्हा चोवीस जणांची तुकडी घेऊन ते गेले. तेव्हा त्यांना सरकारनं तात्पुरता सार्जंट मेजरचा हुद्दा दिला होता, गणवेश दिला होता. आणि शुश्रूषा कोणाची केली? बहुतेक जखमी झुलूंचीच, ज्यांना हात लावायला गोरे लोक तयार नव्हते.

“हे मी पन्नास वेळा वाचलं असन,” मामाजी म्हणाले, “पण तो हुद्दा अन् तो गणवेश मी दर वेळी गाळून वाचत होतो. मले पटत नव्हतं ना! तवा शब्द गाळणारी तू एकटी नाहीस, सूनबाई.”

मी रडू लागले. तर म्हणाले, “थांब. तुह्यं चुकलंच. पण एक सांगतो. घरातल्या माणसाले आपल्याले खरं सांगाची भीती वाटत असन, तर ती बी हिंसाच. ती मी केली.”

यानंतर सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर पुन्हा एक शब्द गाळल्यासारखं होईल. फौज त्यांना कधीच पटली नाही. पोरीला वर्दीत बघायला त्यांनी शेवटपर्यंत नकारच दिला. “तू ये, वर्दी तिकडं ठेव,” असं म्हणायचे. पोरीनंही मान राखला. पण ओट्यावर बसणाऱ्यांना “नात फौजेच्या दवाखान्यात आहे, जखमी पाहते” असं ते आपणहून सांगत. २०२३ च्या उन्हाळ्यात ते गेले. शेवटचे बारा दिवस पोर रजा काढून उशाशी होती. कूस बदलणं, पाठ पुसणं, तोंडात थेंब थेंब पाणी घालणं, सगळं तिनं केलं. एका रात्री ते तिचा हात धरून मला म्हणाले, “किळस नाही वं हिच्या हाताले.”

तुमच्यापैकी कोणाच्या मुलीला या वाटेनं जायचं असेल तर दोन गोष्टी सांगते. ही लष्करी शुश्रूषा सेवा काही आजकालची नाही. १८८८ साली दहा परिचारिका मुंबईला उतरल्या, तिथून तिचा आरंभ. सैन्यदलातली ही एकमेव शाखा सगळी बायकांची आहे. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं, आणि मुलगी अविवाहित हवी. आता निवडीसाठी नीटची परीक्षा धरतात. पुण्याप्रमाणेच मुंबईला अश्विनी रुग्णालयातही कॉलेज आहे. करार नीट वाचून मगच सही करा. आणि लग्नाचं म्हणाल, तर पूर्वी या सेवेत लग्न केलं की नोकरी जायची! लेफ्टनंट सेलिना जॉन यांना १९८८ साली त्यापायीच काढून टाकलं होतं. तो नियम १९९५ साली मागे घेतला गेला, पण त्या बाई लढत राहिल्या, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं त्यांना साठ लाख रुपये भरपाई द्यायला लावली. सैन्याच्या इतर शाखांतही १९९२ पासून मुली अधिकारी होऊ लागल्या. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत २०२२ साली मुलींची पहिली तुकडी दाखल झाली आणि २०२५ च्या मे महिन्यात तिथून सतरा जणी बाहेर पडल्या. तेव्हा मुलगी म्हणाली, तर निदान ऐकून तरी घ्या.

आणि घरात कोणाला पटणार नसेल तर? मला विचाराल तर पहिल्याच दिवशी सांगा. भांडण होईल, ताट सरकवलं जाईल, चार महिने अबोला राहील. होऊ द्या. अबोला संपतो. मामाजी ज्या पाच वर्षांत नातीचं कौतुक करू शकले असते, तिच्याशी वाद घालू शकले असते, ती वर्षं मी त्यांच्यापासून चोरली. त्यांना राग येईल म्हणून मी गप्प बसले. पण त्यांना विचार करता येईल, हे माझ्या मनातच आलं नाही. म्हाताऱ्या माणसांना आपण फार लवकर दगड समजतो, नाही का?

त्यांनी दिलेली सुताची गुंडी पोरीच्या पेटीत अजून आहे. आणि पोस्टमन आला की पाकिटावरचं नाव मी त्याला मोठ्यानं वाचायला सांगते. पूर्ण.